वेळापूरच्या गुऱ्हाळावर सांगितलेले लंडनचे खून

वेळापूरहून परत येऊन मला तीन आठवडे झाले. शाळेत मुलं विचारतात, "सर, देऊळ कसं होतं?" मी सांगतो, छान होतं. शेजारी विचारतात, हुरडा मिळाला का? मी सांगतो, मिळाला, गोड होता. दोन्ही खरं आहे. पण जे सांगायला हवं ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, आणि ते पोटात ठेवून मला झोप लागत नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी कोकणातला. इंग्रजी शिकवतो आणि बोलतो फार. आमची ही म्हणते, "तुमच्या जिभेला हाड नाही, कुठं काय बोलाल त्याचा नेम नाही." मी तिला म्हणतो, अगो, मास्तराने बोलायचं नाही तर काय सुताराने बोलायचं? अशी माझी उत्तरं तयार असतात. यापुढे नसतील.

सोलापूर

पुण्याच्या वसतिगृहात नाना माझ्या खोलीत असे. मॅट्रिकला दोनदा आपटला आणि वेळापूरला घरच्या शेतावर परत गेला. पुढे तिकडे कालव्याचं पाणी आलं, नानाने ऊस लावला, लग्न केलं, आणि दर वर्षी मला एक पत्र टाकत राहिला: "गुऱ्हाळ लागलंय, ये. तुला जुन्या शिलालेखांचा नाद, आमचं देऊळही दाखवतो." या माघात मी निघालोच.

वाटेत सोलापुरात एक दिवस काढला. पहाटे गिरणीचा भोंगा झाला तेव्हा मी अंथरुणातून ताडकन उठलो. वाटलं, आगच लागली. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते हसायला लागले. "झोपा मास्तर, तो आपल्याला नाही बोलवत." मग दिवसभर विणकरांच्या पेठेत हिंडलो. घरोघर मागांचा खटखटाट, ओट्यावर तेलुगूत गप्पा, आणि मी पत्ता विचारला की उत्तर चोख मराठीत. दुपारी खानावळीत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली. आम्ही भातावर वाढलेली माणसं. भाकरी आधी मोडते की दात, अशी शर्यत होती.

संध्याकाळी स्टेशनाजवळ एका रद्दीवाल्याकडे कव्हर फाटलेलं विलायती मासिक मिळालं. आत एक लांबलचक लेख होता. राणीच्या अमदानीत, लंडनच्या गरीब वस्तीत, दोन-अडीच महिन्यांत पाच बायकांचे गळे चिरले गेले. खुनी कधीच सापडला नाही. खून कुणी केले यापेक्षा कशासाठी केले, यावरच लेखकाने पानंच्या पानं खर्ची घातली होती. डॉक्टर, कसाई, खलाशी, धर्मवेडा, प्रत्येकाला एकेक हेतू चिकटवला होता. मी ते दिव्याखाली वाचलं आणि मग दिवा मालवायला मला धीर होईना. चाळिशीचा बाप्या मी, यजमानांना हाक मारून म्हणालो, "दिवा असू दे हं, डास आहेत."

वेळापूर, पहिला दिवस

सर्व्हिस मोटारीच्या प्रवासाचं वर्णन करत नाही. पंढरपूरच्या अलीकडे एकदा टायर फुटलं आणि पलीकडे एकदा, एवढं पुरे.

नाना बैलगाडी घेऊन आला होता. त्याचं घर माळवदाचं, म्हणजे वर सपाट मातीचं छप्पर. आमच्याकडे असं घर पहिल्या नक्षत्रातच वाहून जाईल. नाना म्हणाला, "हितं पावसाला कोण भितंय? यील तर पाया पडू त्याच्या." घरात नानाची आई, जिला सगळे आक्का म्हणतात, आणि त्याची बायको पारूवहिनी. वहिनींना नववा लागला होता. पहिलं मूल माहेरी जन्मताच गेलं होतं, हे मला नानाच्या पत्रातून ठाऊक होतं.

ओसरीवर तेलाची वाटी घेऊन एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, दंडाला ताईत, आणि हात केवढे! बाप्यासारखे रुंद, पण तळवे मऊ. ही गावची सुईण, अमिनाबी. सारा गाव तिला मावशी म्हणे.

"ह्ये कोकनातलं पाव्हनं व्हय?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लई वाळल्यात की. मासं खाऊन असं हुतंय का?"

"माशांचा दोष नाही मावशी, पोरांना शिकवून असं झालंय."

"मग शिकवू नगा. मासंच खावा."

सगळे हसले. आत माजघरात वहिनीसुद्धा हसल्याचं ऐकू आलं. मग मावशी नानाला म्हणाली, "तुझं पोर लई हट्टी हाय बग. म्या सकाळी चोळून सरळ करते, रातीत पुन्ना आडवं. बापावर गेलंय."

मी विचारलं, "मग काय करायचं?"

"काय करायचं? रोज यायचं, रोज सरळ करायचं. एक दिस चुकला तर चालंल. दोन-तीन चुकलं तर मग अवघड हाय." कमरेला फडक्यात बांधलेला छोटा विळा तिने चाचपला आणि उठली. नाळ कापायचा तो विळा. तो ती कधी खाली ठेवत नसे म्हणे.

जेवताना नाना म्हणाला, "या खेपेला हिला माहेरी धाडलं न्हाय. हितं मावशी हाय. अर्धं गाव तिच्या हातचं हाय. मीबी."

दुसरा दिवस: देऊळ आणि गुऱ्हाळ

सकाळी अर्धनारीनटेश्वराचं देऊळ पाहिलं. दगडी, जुनं, आत गारवा आणि वटवाघळांचा वास. एका शिलालेखावर कागद ठेवून ठसा घ्यायला गेलो तर शाईची बाटली धोतरावर लवंडली. पुजारी म्हणाला, "देवानं पावती दिली." देवळाबद्दल मी निराळा लेख लिहीन म्हणत होतो, पण आता त्यात जीव नाही.

दुपार उतरल्यावर नानाबरोबर गुऱ्हाळावर गेलो. बैल घाणा ओढत होते, चुलवाणात चिपाडं धडधडत होती, आणि भल्यामोठ्या काहिलीत रस उकळत होता. तात्या गुळव्या हातात लांब दांड्याचा झारा घेऊन मळी काढत होता. गूळ कधी उतरवायचा हे एकटा तात्या ठरवतो. मालकसुद्धा मधे बोलत नाही. भोवती ऊसतोडीवरचे चार-पाच गडी, गावात बकरी कापणारा मुलाणी, आणि भाकरी घेऊन आलेली आक्का, शेजारच्या दोन बायांना बरोबर घेऊन. मला गरम काकवी आणि भाकरी मिळाली. पोट भरलं, ऊब लागली, आणि कोणीतरी म्हणालं, "मास्तर, विलायतंचं कायतरी सांगा की."

झालं! मी ते खून काढले.

दिवस मावळत आला होता. मी धुकं सांगितलं, बोळ सांगितले, कंदील सांगितले, पाच बाया सांगितल्या. आवाज कुठं खाली आणायचा ते मला बरोबर कळतं, वर्गात सवय आहे. गडी सरकून सरकून जवळ आले.

"पर मारलं कशापायी?" तात्याने विचारलं. "मानूस उगं मारत न्हाय. भांडान असंल, भावकी असंल."

"तोच तर प्रश्न आहे तात्या. कुणी म्हणतं तो डॉक्टर होता, आतले अवयव काढून अभ्यास करायचा. कुणी म्हणतं कसाई होता."

"हां!" मुलाणी उसळला. "सुरी दिसली की धरा कसायाला. बकरं कापनारा मानूस कापतोय व्हय?"

"कुणी म्हणतं देवाचं वेड लागलेला होता, पापी बायांना शासन करत होता."

तात्याने झारा थांबवला. "मास्तर, मला एक सांगा. तवा तितं पूल बांदत हुते का?"

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला आठवलं. लंडनच्या नदीवरचा तो दोन बुरुजांचा पूल त्याच वर्षांत उभा राहत होता. मी ते तसं म्हणालो. कुणी हसेना. कालव्याचं काम चालू होतं तेव्हा इथल्या आयांनी महिनोन् महिने पोरं घरात कोंडून ठेवली होती, बांधकामाच्या पायाखाली माणूस बळी देऊन पुरतात म्हणून. "बगा," तात्या एवढंच बोलला. चुलवाणात चिपाड फुटलं तर एक गडी दचकून उभा राहिला.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण तात्याच्या पुलाने माझ्या गोष्टीवर ताण केली होती, आणि ते मला सोसवेना. खरं सांगतो, एवढंच होतं मनात.

मी म्हणालो, "शेवटचा तर्क ऐका. खुनी बाप्या नव्हताच. बाई होती. पहाटे रक्ताने भरलेला पदर घेऊन भर रस्त्यातून गेली तरी कोणत्या बाईला लोक अडवणार नाहीत? कुणाचा संशय येणार नाही? सांगा पाहू."

मी सावकाश बोटाची काकवी चाटली.

"सुईण," मी म्हणालो.

आक्काचा हात तोंडाकडे गेला. तात्याने हळूच विचारलं, "पर कशापायी?"

मासिकात याचं उत्तर नव्हतं. सुईण असावी असं कुणीतरी म्हटलं होतं, एवढंच. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी आवाज उतरवला आणि म्हणालो, "तिची स्वतःची पोरं मेली होती. सगळी. मग दुसऱ्या कुणाची भरलेली कूस तिला बघवेना. त्या पाचही बाया पोटुश्या होत्या."

हे सगळं मनचं. तिथल्या तिथं रचलेलं. पण काय शांतता पसरली! बायांनी एकमेकींकडे पाहिलं, मुलाण्याने मान खाली घातली. मला वाटलं, वा मास्तर, काय रंगवलीत! घरी जाताना उसाची पानं सळसळली तर मीच नानाचा दंड धरला. आपल्याच गोष्टीला आपण भ्यालो, याचीही मला गंमत वाटली.

जेवणं झाल्यावर माजघराच्या दाराआडून वहिनींचा आवाज आला. "भावजी, ती पोटुश्या बायाच का बगत हुती वं?"

आक्काने सांगितलेलं दिसत होतं. तेव्हाच म्हणायला हवं होतं की वहिनी, ते खोटं आहे. पण गुऱ्हाळावरची शोभा एवढ्यात कुठं घालवायची! "विलायतेतल्या गोष्टी वहिनी, तुम्ही नका मनाला लावून घेऊ," असं म्हणून मी पांघरूण ओढलं.

तिसरा दिवस

सकाळी राखुंडीने दात घासत होतो. मावशी तेलाची वाटी घेऊन आली. आक्का दारातच उभी राहिली.

"आज नगो."

"का वं?"

"पोरीला बरं वाटत न्हाय."

"म्हनूनच यायचं की!" मावशी हसली.

आक्का हसली नाही. तिची नजर मावशीच्या कमरेच्या विळ्यावर होती. तिने दार लावलं. दिवसाढवळ्या, पाहुणा ओसरीवर उभा असताना दार लावलं! मावशी तेलाची वाटी पदराखाली घेत माझ्याकडे वळून म्हणाली, "सासू-सुनंचं भांडान झालं वाटतं," आणि गेली.

मी चूळ भरली आणि निघालो. नानाला गाठून विचारलं तेव्हा तो खाली बघत बोलला. मानमोडीच्या तापाच्या साथीत मावशीची तिन्ही पोरं एका आठवड्यात गेली होती. आणि यंदा गावात दोन बाया बाळंतपणात दगावल्या, दोघीही तिच्याच हाताखाली. "कुनी कायी म्हनलं न्हवतं आजवर. मरन हाय, येतंय. पर काल तू सांगितलंस, आन लोक सकाळधरनं इहिरीवर तेच बोलत्यात. पोरं गेलेली सुईन. तूच म्हनलास की."

"अरे, ते मी रचलं!"

नानाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नको तिथं विनोद केला होता.

मी आक्कासमोर गेलो. शेजारच्या बाया जमल्या होत्या. मी हात जोडून सांगितलं की पोरं मेल्याचं, पोटुश्या बायांचं, सगळं माझ्या मनचं होतं.

"छापलंय न्हवं?" आक्का म्हणाली.

"छापलंय, पण हे नाही छापलेलं."

"मग काय छापलंय?"

"सुईण असावी, एवढंच आहे."

"बगा!" आक्का बायांकडे वळून म्हणाली.

मी मासिक आणलं, ते पान उघडलं, ओळीवर बोट ठेवून एकेक वाक्य मराठीत सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "मास्तर आता भ्यालं. ती करनी करंल म्हनून भ्यालं." दुसरी म्हणाली, "इंग्रजीतलं खोटं कसं असंल?" वर्गात चाळीस पोरांना गप्प बसवणारा मी, चार बायांपुढे मासिक मिटून उठलो. खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी ऐकलं होतं. खरं बोलायला लागलो तर कुणी ऐकेना.

त्या दिवशी मावशी परत आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आली, तर वळणावर दोघं-तिघं उभे होते, त्यांनीच तिला मागे फिरवलं. कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. ती येताना दिसली की बाया आपापली पोरं आत ओढत. ज्या पोरांना तिनेच जगात आणलं, ती दाराआडून तिच्याकडे डोळे मोठे करून बघत. मला ते बघवेना आणि तिच्यासमोर जायचा धीरही होईना. मी खोलीत बसून देवळाचे ठसे चाळत राहिलो. असा भित्रा मनुष्य मी.

पाचवा दिवस

पहाटे वहिनींना कळा सुरू झाल्या. आक्का आणि शेजारीण आत होत्या. दिवस कासराभर वर आला तरी काही नाही. आवाज मात्र वाढत चालला. नाना सायकल काढून डॉक्टरांना आणायला अकलूजला गेला. मी ओसरीवर. कान झाकावेसे वाटत होते, पण मावशीचे शब्द कसे झाकणार? दोन-तीन दिस चुकलं तर अवघड हाय. मी दिवस मोजले.

दुपार झाली. नानाचा निरोप आला की डॉक्टर माळशिरसला साक्षीला गेलेत, तो तिकडेच चाललाय. आक्का बाहेर आली ती भिंतीला धरून. "हात आलाय बाहीर," ती म्हणाली. "पोराचा हात."

"आक्का, मावशीला बोलवा."

"ती नगो."

"आक्का, पाया पडतो!"

"ती नगो म्हनती. पारूच नगो म्हनती. दारात बगितली तरी जीव जाईल म्हनती."

मी वहाणा न घालता पळालो. मावशी आपल्या खोपटात जमिनीवर बसली होती. दार आतून बंद, मी हाका मारल्यावर उघडलं. मी एका दमात सगळं सांगितलं, हात आल्याचंही.

"हात आला?" तिने डोळे मिटले. "मग आता पोर गेलं मास्तर. आता आई तेवडी वाचंल, वाचली तर."

"चला."

ती उठली नाही. तिने ते मोठे हात मांडीवर उताणे ठेवले. "माज्या हातात मेलं पोर निगंल. मग मला जित्ती ठिवतील व्हय ह्ये लोक? तुमी सांगा."

मी काय सांगणार? ती भ्याली होती, आणि तिचं भय खरं होतं.

मग तिने कमरेचा विळा सोडला, खाली ठेवला आणि रिकाम्या हाताने माझ्याबरोबर निघाली. वाटेत सगळी दारं लागत गेली. ओसरीवर लोक जमले होते. मी तिच्यापुढे उभा राहून ओरडलो, "मी खोटं बोललो! ऐका, मी खोटं बोललो!" कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सगळे तिचे हात बघत होते. तिने दोन्ही हात वर करून, बोटं पसरून दाखवले. मग आतल्या बाजूला तोंड करून म्हणाली, "पारू, म्या मावशी. माज्याकडं कायी न्हाय बग. यिऊ का?"

आतून बराच वेळ नुसतं कण्हणं आलं. मग, "ये."

पुढचं मी पाहिलं नाही, आणि जे ऐकलं ते लिहिणार नाही. दिवस कलायला लागला तेव्हा मावशी बाहेर आली. कोपरापर्यंत हात भरलेले. "आई हाय," ती म्हणाली. पोरगा होता. तो फडक्यात गुंडाळलेला आक्काच्या मांडीवर होता आणि आक्का त्याच्याकडे न बघता मावशीच्या हातांकडे बघत होती.

डॉक्टर घोड्यावरून आले ते संध्याकाळी. त्यांनी वहिनींना तपासलं, औषध दिलं, आणि विचारलं, "कुणी सोडवली?" सांगितल्यावर म्हणाले, "बाईने जीव वाचवला. पण दोन दिवस आधी पोर सरळ केलं असतं तर दोघंही जगली असती." हे त्यांनी नानाला, आक्काला, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. लोकांनी मान डोलावली. आणि डॉक्टर गेल्यावर तीच शेजारीण म्हणाली, "मास्तर म्हनलं तसंच झालं बगा. तिनं हात लावला आन पोर गेलं."

निघताना

सकाळी पाटलांनी मावशीला बोलावून गोड शब्दांत सांगितलं की काही दिस पाव्हण्याकडं जावा, लोकांचं डोकं ठिकाणावर न्हाय.

मी वहिनींना दारातूनच नमस्कार केला. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, वळल्या नाहीत. आक्काने मात्र माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळे रडून सुजले होते. "तुमी सांगितलं म्हनून आमी सावध झालो मास्तर. न्हायतर सूनबी गेली असती." मी म्हटलं, "आक्का, उलटं आहे, उलटं आहे हो!" तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मीच दुःखाने भ्रमलोय असं तिला वाटलं. नानाने मोटारीपर्यंत माझी ट्रंक उचलली आणि वर गुळाची ढेप ठेवली. नको म्हटलं तर म्हणाला, "असू दे. घरी वहिनीला दे." ती ढेप आमच्या फडताळात आहे. मी तिला हात लावलेला नाही.

मोटारीत मागच्या बाकावर मावशी बसली होती. सोलापुरात तिच्या बहिणीची मुलगी असते, तिच्याकडे निघाली होती. ड्रायव्हरने मला पुढे बोलावलं, पण मी मागे जाऊन तिच्याशेजारी बसलो. तिने सरकून जागा दिली. पंढरपूर मागे पडलं. मग धुळीसाठी तोंडाला पदर लावत ती म्हणाली,

"मास्तर, त्या इलायतंतल्या बाईची पोरं खरंच मेलती का?"

"नाही मावशी. ते मी मनचं सांगितलं."

"मनचं?"

"हो."

"का वं? तुमचं माजं कायी वाकडं न्हवतं. मला तर तुमी चांगलं वाटला हुता."

खूप उत्तरं सुचली. तुमची पोरं गेलेली मला ठाऊक नव्हतं. असं होईल असं वाटलं नव्हतं. पण त्यांतलं एकही तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी खरं तेच सांगितलं. "गोष्ट रंगावी म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. आमटीत मीठ पडलं का, असं विचारावं तसं तिने विचारलं,

"मग रंगली का?"

"रंगली," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि गाठोडं मांडीवर घेतलं.